भरून पाठवलेला ड्रम गिऱ्हाईकाकडे पाऊणच निघतो. पावडर भरणारे कोणी आहे का इथं?

वैनगंगाकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. भंडारा जिल्ह्यात एका लहान युनिटात सुपरवायझर आहे. आमचं मूळ काम फेरोमँगनीज (लोखंड-मँगनीजचा मिश्रधातू) दळून, चाळून ड्रममध्ये भरायचं. माल वेल्डिंग रॉडवाल्यांकडे जातो. दिवाळीनंतर मालकांनी नवीन काम घेतलं. ॲल्युमिनियमची फ्लेक पावडर मोठ्या ड्रममधून येते, ती आम्ही ५० लिटरच्या ड्रममध्ये १५-१५ किलो भरून एएसी ब्लॉकच्या कारखान्यांना देतो. राखेचे ते पांढरे, हलके ब्लॉक. कोराडी, तिरोड्याची राख आपल्याकडे आहेच, त्यामुळं कारखानेही वाढले.

अडचण अशी की भरताना ड्रम गळ्यापर्यंत येतो अन् गिऱ्हाईक झाकण उघडते तेव्हा पाऊण दिसतो. फोटो येतो, वर फोन येतो, "माल कमी दिला." काट्यावर वजन बरोबर आहे, पण त्यांचा स्टोअरकीपर डोळ्यानं मोजतो. प्रत्येक ड्रम आपटून बसवायचा म्हटलं तर पोरं वैतागतात.

दुसरं म्हणजे हॉपर, पावडर वरून ओतायची नरसाळ्यासारखी टाकी. पावडर आत अडकून बसते, बाहेरून ठोकल्याशिवाय उतरत नाही. मोठ्या कारखान्यांत हे कसं करतात? खर्च कमी असलेला उपाय सांगा. मालक आधी किंमत विचारतात, मग उपाय.

तर्रीपोहे | ९.५२

पाव ड्रम ड्रायव्हरनं साकोलीच्या नाक्यावर विकला. धागा बंद करा.

धानपट्टा | १०.०५

तर्रीभाऊ, तुमचं झालं का जेवण? तिकडं लक्ष द्या.

वैनगंगाभाऊ, आमच्याकडं पायलीनं धान मोजायचे तेव्हाचं आठवा. घेणारा पायली हलवून बसवायचा, देणारा म्हणायचा हात लावू नको. तोच प्रकार आहे हा. ट्रकनं हायवेवर दिवसभर हादरे खाल्ले की पावडर खाली बसणारच.

लोडसेल | १०.३१

बुटीबोरीला पॅकिंग मशीनच्या सर्व्हिसिंगचं काम करतो, म्हणून लिहितो.

धानपट्टा बरोबर बोलले. भरताना पावडरच्या कणांमध्ये हवा अडकते. तुमचे १५ किलो ५० लिटरमध्ये मावतात, म्हणजे सुट्टी घनता लिटरला ३०० ग्रॅम. हादऱ्यांनी हवा निघाली अन् तीच पावडर लिटरला ४०० ग्रॅमवर गेली की १५ किलोला साडेसदतीस लिटरच लागतात. तुमचा पाऊण ड्रम तो हाच. चोरी कुठंच नाही.

मोठ्या लाइनला ड्रमखाली व्हायब्रेटिंग टेबल असतं. अर्धा ड्रम भरायचा, काही सेकंद हलवायचा, मग उरलेला भरायचा. पूर्ण भरून शेवटी हलवला तर खालची हवा नीट निघत नाही. अन् टेबल चालू असताना वजन घेऊ नका, काटा नाचतो. हलवा, थांबवा, मग वजन. शेवटचं किलो-दीड किलो हळू धारेनं सोडायचं. कारण गेट बंद केल्यावरही हवेत असलेली धार ड्रममध्ये पडते अन् वजन वर जातं.

एक गोष्ट हमखास चुकते. धूळ ओढायचा पाइप फिलिंग हेडला (ड्रमवर टेकणाऱ्या भरायच्या तोंडाला) घट्ट बांधलेला असला तर सक्शन ड्रमला वर ओढतं. काटा कमी दाखवतो, पोरगं पावडर वाढवत जाते. पंखा बंद करून तोच ड्रम पुन्हा काट्यावर ठेवून पाहा, फरक दिसेल.

वैनगंगाकाठ | १०.४४

धन्यवाद भाऊ. सक्शनचा प्रश्न आमच्याकडं येणार नाही, सक्शनच नाही. दारं उघडी ठेवतो.

बारूदवाले_काका | १०.५८

थांबा जरा. ड्रम पाऊण का अर्धा ते उद्या पाहू. आधी चार गोष्टी सांगा.

हॉपर कशानं ठोकता? ड्रम नवे की वापरलेले? ड्रमात प्लास्टिकची पिशवी असते का? शिफ्ट संपली की जागा कशानं साफ करता?

वैनगंगाकाठ | ११.१०

काका, ठोकतो हातोडीनं, लोखंडी. ड्रम जुने असतात, धुऊन वाळवून वापरतो. पिशवी असते. साफसफाई कंप्रेसरच्या हवेनं, मँगनीजलाही तसंच करत आलो.

बारूदवाले_काका | ११.३७

आमचं आयुष्य नागपूरच्या पट्ट्यात स्फोटकांच्या कामात गेलं. स्लरी स्फोटकांची ताकद वाढवायला हीच ॲल्युमिनियम पावडर घालतात. त्यावरून समजून घ्या तुम्ही काय भरताय.

हॉपरवर पावडरचा थर आहे, लोखंडावर गंज आहे. गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. त्यावर ॲल्युमिनियम घासलं गेलं अन् वरून हातोडी बसली तर थर्मिटची ठिणगी उडते. रेल्वेचे रूळ जोडायला जी प्रक्रिया वापरतात तीच, फक्त टिकलीएवढी. म्हणून हातोडी बंद. पितळी किंवा लाकडी घ्या, अन् खरं म्हणजे ठोकायची पाळीच येऊ नये असा हॉपर करा. गंजलेला ड्रमही बंद.

धुतलेला ड्रम आतून खरंच सुकतो का? पत्र्याच्या शिवणीत पाणी राहतं. ॲल्युमिनियम अन् पाण्यातून हायड्रोजन निघतो. तुमचं गिऱ्हाईक चुन्याच्या गाऱ्यात ही पावडर कशाला घालते? त्याच हायड्रोजननं ब्लॉक फुगतो. त्याच्या साच्यात व्हायचं ते तुमच्या बंद ड्रमात झालं तर झाकण फुगेल, आत उष्णता वाढेल.

सगळ्यात वाईट म्हणजे कंप्रेसर. जमिनीवर पडलेली पावडर जळते. हवेत उडालेली पावडर स्फोट करते. घनमीटरभर हवेत चाळीस-पन्नास ग्रॅम तरंगली तरी भरपूर झालं. तुळईवरचा मिलिमीटरभर थर पहिल्या धडाक्यानं खाली येतो अन् दुसरा धडाका त्याचा होतो. माणसं बहुधा दुसऱ्यात जातात.

रोवणी_ते_मळणी | मंगळवार, सकाळी ७.१५

काका, एवढं काही नसते हो. मी तुमसर लाइनला मोप वर्षं पावडर भरली. नाकाले दुपट्टा, हातात फावडं. काही झालं नाही. धातू कुठं जळते का? खिळा काडीनं पेटवून दाखवा मले.

लोडसेल | ७.४०

खिळा पेटत नाही, पण भांडी घासायचा स्टीलवूल काडीनं पेटतो. घरी करून पाहा, बाहेर अंगणात. धातू तोच, फक्त बारीक.

बारूदवाले_काका | ८.०२

रोवणीभाऊ, तुम्ही बहुतेक जाड मँगनीज भरलं असेल, त्याचा स्वभाव थंड असतो. पण फार दळलेलं, कमी कार्बनचं फेरोमँगनीजही पेटतं, म्हणून कित्येक ठिकाणी गिरणीत नायट्रोजन सोडून दळतात.

लोखंडाच्या पावडरचं सांगतो. अमेरिकेत टेनेसी राज्यात गॅलेटिन गावी लोखंडी पावडरचा कारखाना होता. २०११ मध्ये जानेवारी ते मे एवढ्यात तिथं तीन अपघात झाले, पाच कामगार गेले. पहिला बकेट एलेव्हेटरपाशी, म्हणजे बादल्यांनी पावडर वर नेणाऱ्या यंत्रापाशी झाला, धूळ उडाली अन् पेटली.

ॲल्युमिनियमचं पाहायचं तर चीनमधलं कुनशान. २ ऑगस्ट २०१४, गाड्यांच्या चाकांना पॉलिश करणारा कारखाना. धूळ गोळा करायचा पिंप गंजून फुटला होता, आतली ॲल्युमिनियमची धूळ ओलावली, तापली, पेटली. शेवटी मृतांचा आकडा १४६ वर गेला. पिंप गंजलेला अन् पावडर ओली. वैनगंगाभाऊ, वरती तुम्ही काय लिहिलं ते पुन्हा वाचा.

तर्रीपोहे | ८.१०

रोवणीभाऊ, अंगणात स्टीलवूल पेटवला का? वहिनी काय म्हणाल्या?

रोवणी_ते_मळणी | ८.४५

पेटवला. वहिनीनं घासणीचे पैसे मागितले. मानलं भाऊ.

प्रयोगशाळेतली | ११.२०

मी एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. हॉपर का अडकतो यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

फ्लेक पावडरचे कण चपटे, कागदाच्या कपट्यांसारखे. गोल दाण्याची पावडर हॉल फनेलमधून धार धरून उतरते. हे फनेल म्हणजे अडीच मिलिमीटर भोकाचं नरसाळं. ५० ग्रॅम उतरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. फ्लेक बऱ्याचदा त्यातून उतरतच नाही. तुमचा हॉपर मँगनीजच्या जड दाण्यासाठी बनवलेला. मँगनीज स्वतःच्या वजनानं घसरतं. ही हलकी पावडर भोकावर कमान धरून बसते. ठोकून कमान मोडते, पण प्रत्येक ठोक्यानं वरची पावडर आणखी दाबली जाते अन् पुढची कमान पहिलीपेक्षा घट्ट. हॉपरवर हातोडीचे जितके खड्डे, तितकी आतली भिंत खडबडीत, तितकी पावडर जास्त अडकते.

उपाय म्हणजे उभट भिंतीचा, आतून गुळगुळीत स्टेनलेसचा छोटा हॉपर अन् खाली पावडर पुढं ढकलणारा, सावकाश फिरणारा स्क्रू फीडर. स्क्रू भिंतीला घासायला नको, बेअरिंग पावडरच्या बाहेर हवं. नवीन हॉपरला खर्च आहे, पण हा बदल टाळून बाकी सगळं केलं तर पोरं पुन्हा हातोडी उचलतील.

ड्रमबद्दलही एक. नुसता ४० लिटरचा ड्रम आणला तर सुट्ट्या पावडरीचे १२ किलोच मावतील अन् उरलेले तीन किलो जमिनीवर. लोडसेल यांचं अर्धं भरा-हलवा-अर्धं भरा केलं तर १५ किलो ४० लिटरमध्ये बसतील आणि गिऱ्हाईकाला ड्रम भरलेला दिसेल. टेबल अन् लहान ड्रम दोन्ही एकत्र घ्यावे लागतील.

वैनगंगाकाठ | दुपारी १.०५

ताई, हे नेमकं पाहिजे होतं. मॅडम म्हणू की ताई?

प्रयोगशाळेतली | १.१२

ताई चालेल. मॅडम म्हटलं की लोक रिपोर्ट लवकर मागतात.

बारूदवाले_काका | २.३०

ताईंचं सगळं मान्य. फक्त टेबल, हॉपर, फिलिंग हेड अन् ड्रम, चौघांना अर्थिंगची तार. ड्रमला क्लिप आधी लावायची, मग झाकण काढायचं. भरून झाकण लागलं की मगच क्लिप काढायची. रंग दिलेल्या ड्रमवर क्लिपचे दात पत्र्यापर्यंत गेले पाहिजेत, रंगावर नुसती अडकवली तर ती दागिना.

साधी प्लास्टिकची पिशवी स्थिर वीज साठवते. कोरडी हवा असली की जास्तच. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे भट्टी, हवेत ओल म्हणून नाही. तेव्हा लोखंडाला हात लागला की अंगाला झटका बसतो ना, तेवढी ठिणगी बारीक फ्लेकला पुरू शकते. अन् जुलै-ऑगस्टात उलटं, पावडर उघडी राहिली की ओल धरते. विदर्भात बारा महिन्यांतून या पावडरला निवांत असे महिने थोडेच.

कपाशी_आणि_कोळसा | ३.१५

वणीकडून. उन्हात पोरांना काय घालायला देता? आमच्याकडं कोळशाच्या कामाला आलेली पोरं नायलॉनचं चमकीदार टी-शर्ट घालून येतात, क्रिकेटचं. मागं नाव, नंबर. सांगून सांगून थकलो. सुती घाला म्हटलं तर म्हणतात "ते म्हाताऱ्याचं कपडं."

तर्रीपोहे | ३.२२

सुती बंडीवर नंबर छापून द्या. १८ नंबर द्या, लगेच घालतील.

कपाशी_आणि_कोळसा | ३.२६

अरे बापा, हे खरंच करून पाहतो.

झाडीतला | सायंकाळी ६.४०

वाचून रायलो कालपासून. स्फोटाचं सगळे बोलले, मँगनीजचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

माझे मोठे बाबा एका गिरणीत मँगनीज पावडर भरायचे. जागेचं नाव घेत नाही. बोरीचं तोंड हातानं धरायचं, चुटीतून पावडर पडायची, काळा धूर तोंडावर. घरी आले की अंगणात कपडे झटकायचे. आधी ते मुके-मुके राहू लागले, चेहऱ्यावर हसू-रडू काही दिसेना. मग चालताना पंजे टेकवून चालायचे. मागं चालताना पडायचे. माझ्या आजीनं बाहेरचं झालं म्हणून गावात दाखवलं.

मला जे आठवते ते पगाराचं रजिस्टर. बाबा सही करणारे, अंगठा नाही. महिन्यामागं महिना सही बारीक होत गेली, शेवटी एका ओळीत मुंगीएवढी. नागपूरला मोठ्या डॉक्टरनं ते रजिस्टर नाही पाहिलं, पण लिहायला लावलं अन् लगेच विचारलं, काम कुठं करत होते.

धुळीचा धोका सांगताना हेही सांगत जा. पेटली तर एका दिवसात दिसते. ही दिसायला वर्षं लागतात.

प्रयोगशाळेतली | ७.०५

झाडीतला, लिहिलंत ते बरं केलं. मँगनीजची विषबाधा फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या (हा कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत होता, आता त्याच्या जागी नवी कामगार संहिता आहे) तिसऱ्या अनुसूचीत नोंद करायच्या आजारांत होती. म्हणजे डॉक्टरला असा रुग्ण दिसला तर मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं असायचं. आणि त्याच कायद्याचं कलम ३७ पेटणाऱ्या-स्फोट होणाऱ्या धुळीसाठी होतं. यंत्र बंदिस्त करा, धूळ ओढून घ्या, ठिणगीची साधनं दूर ठेवा. वैनगंगा, मालक किंमत विचारतील तेव्हा हे दोन्ही समोर ठेवा.

दुपट्टा धुळीला अडवत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. त्याहून चांगलं म्हणजे फिलिंग हेडला फुगणारी रबरी सील. ती ड्रमच्या तोंडाला चिकटते अन् ड्रममधून बाहेर पडणारी हवा धुळीसकट पाइपात जाते, माणसाच्या तोंडावर येत नाही.

धानपट्टा | ७.३०

प्रश्न विचारतो, रागावू नका. आग लागलीच तर? आमच्याकडं नगर परिषदेची गाडी येते, पाणी घेऊनच येते.

बारूदवाले_काका | ८.१५

रागावतो कशाला, हाच प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. पाणी नाही. पाण्यानं हायड्रोजन निघतो अन् फवाऱ्यानं पावडर उडते. सीओटू सिलिंडरही नाही, तो झोत पावडर उडवतो अन् तापलेलं ॲल्युमिनियम त्यालाही जुमानत नाही. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीची डी क्लासची पावडर. वाळू फावड्यानं फेकायची नाही. आगीभोवती रिंगण करत, कडेनं हळू सारत झाकायची. मग हात लावायचा नाही, आत बराच वेळ धगधगत असतं.

वाळू कोरडी हवी. पावसाळ्यात बादलीतली वाळू ओली झालेली मी पाहिली आहे, वरून सिगारेटची थोटकं. झाकणाचा पिंप ठेवा.

अन् आग लागायच्या आधी अग्निशमनवाल्यांना एक दिवस चहाला बोलवा, गोदाम दाखवा, सांगा इथं पाणी मारायचं नाही. गेटवर मोठ्या अक्षरात पाटी. गावची पोरं बादल्या घेऊन धावतात, त्यांच्यासाठी.

जुना_ट्रान्सपोर्टवाला | ९.४०

कागदाचं कोणी नाही बोललं. गाडीत ॲल्युमिनियम पावडर म्हणजे धोकादायक माल. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नंबरांत लेप दिलेली यूएन १३०९, लेप नसलेली यूएन १३९६. ब्लॉकवाल्यांची फ्लेक बहुधा स्टिअरिक ॲसिड लावलेली असते, तरी तुमच्या सप्लायरच्या सेफ्टी शीटवर काय लिहिलंय तेच लावा. "मेटल पावडर" एवढंच बिल्टीवर लिहून गाडी भरू नका. ड्रायव्हरला वाटते रंगाचे डबे अन् रस्त्यात ताडपत्री उघडी सोडून जेवायला बसते.

वैनगंगाकाठ | शनिवार, रात्री ८.५०

मधले दिवस काढले, आता लिहितो.

मालकांना धागा वाचून दाखवला. पहिल्यांदा म्हणाले "हे नेटवरचे लोक घाबरवतात." झाडीतला भाऊंचं वाचलं तेव्हा गप्प झाले, त्यांच्याही घरातलं कोणी गिरणीत होतं. कंप्रेसरची नळी फिलिंगच्या शेडमधून काढून घेतली. झाडणं आता नैसर्गिक केसांच्या मऊ ब्रशनं अन् ओढून नाही, सरकवून. स्फोटरोधक व्हॅक्युमचं कोटेशन मागवलं. ॲल्युमिनियमची जागा मँगनीजपासून वेगळी केली, कारण दोन्हींची धूळ एकमेकांत जात होती. मागच्या खोलीत इलेक्ट्रिक पॅनल होतं, उघडलं तर आत चांदीसारखा थर. तो वीज बंद करून पुसला, पॅनल बाहेर न्यायचं काम सुरू आहे. तोवर ॲल्युमिनियमचं भरणं बंद.

आता मूळ प्रश्न. बंद करायच्या आधी ताईंनी सांगितलं तसं काट्याच्या शेजारी टेबल लावून, तार जोडून, दोन टप्प्यांत भरून पाहिलं. सप्लायरकडून नमुन्याला आणलेला ४० लिटरचा ड्रम. १५ किलो बसले अन् वर तीन बोटं जागा उरली. तोच ड्रम गाडीत ठेवून भंडारा-नागपूर फिरवून आणला. उघडल्यावर चार बोटं. गिऱ्हाईकाच्या स्टोअरकीपरला फोटो पाठवला. तो म्हणतो हे चालेल, पण काट्यावर वजनही करूनच घेणार. घे म्हटलं.

लोडसेल | ९.०५

तीन बोटं ते चार बोटं, उत्तम. रिकामा ड्रम प्रत्येक वेळी टेअर करा, म्हणजे काट्यावर ठेवून शून्य करा, ड्रमाड्रमात वजनाचा फरक असतो. अन् काट्याचा वैधमापनचा शिक्का दरवर्षीचा आहे ना पाहून घ्या, गिऱ्हाईक तेच आधी विचारेल.

रोवणी_ते_मळणी | ९.१८

भाऊ, दुपट्टा टाकला, मास्क घेतला. गरमीत जीव जाते पण घेतला.

वैनगंगाकाठ | ९.३०

शिक्का आहे, मार्चमध्ये संपतो, लावून घेतो.

आता एकच अडलं आहे. नवीन ४० लिटरचे ड्रम नागपूरचा सप्लायर थोडे द्यायला तयार नाही, मोठी ऑर्डर मागतो. आमचं तेवढं काम नाही. गोंदिया-भंडारा भागात कोणाला लागतात का? मिळून मागवू.

जुना_ट्रान्सपोर्टवाला | ९.४४

तिरोड्याकडं एक रंगवाला विचारत होता. नंबर खाजगी निरोपात पाठवतो. गाडीभाडं अर्धं-अर्धं केलं तर परवडेल.